मिठागरातला आसियाभाभींचा फोटो

दोन हजार अकराच्या एप्रिलमध्ये टपाल नाक्याजवळच्या आमच्या गल्लीत बातमी फिरली की आसियाभाभी बिल्डरला सामील झाल्या. रोज सकाळी गळ्यात कॅमेरा अडकवून त्या उरण रस्त्याला जातात, खाडीकडच्या जमिनींचे फोटो काढतात आणि कुणा बड्या पार्टीला पोचवतात. बातमी आणली तुळशीराम रिक्षावाल्याने. पुरावा काय, तर भाडं त्यानेच मारलं होतं. त्या वर्षांत पनवेलमध्ये कुणी रस्त्याकडेला उभं राहून आळोखेपिळोखे दिले, तरी लोकांना वाटायचं की हा प्लॉट मोजतोय. मग कॅमेरेवाली बाई म्हणजे सातबारा गेलाच म्हणायचा.

"नवरा कुवेतला, पैसा बक्कळ," तुळशीराम स्टँडवर सांगत होता. "दोन-चार एकर आतापर्यंत दाबलेसुद्धा असतील."

हे चाललं असताना नेमक्या सोनाबाई बाजाराची पिशवी घेऊन तिथे आल्या. सोनाबाईंच्या घरची मिठागरं तीन पिढ्यांची. मुलांनी आता दोन मजली बंगला बांधलाय, दारात गाडी उभी आहे, पण मिठाचा हंगाम आला की सोनाबाईंचा पाय घरात ठरत नाही. त्यांनी पिशवी खाली ठेवली.

"आरं तुळशीराम, कसली जमीन नि कसला बिल्डर? ती बाय आमच्या आगरान चिखलात पालथी परून मिठाचा फोटू काढते. आमाला इचारून काढते. तुज्या रिक्षाचा मीटर तरी खरा हाय का?"

स्टँड हसला आणि बातमी तिथेच गार झाली. गल्लीचा थोडा हिरमोडही झाला. बिल्डरला मिळालेली शेजारीण जास्त चविष्ट होती. चिखलात पालथ्या पडणाऱ्या शेजारणीबद्दल काय बोलायचं, हे कुणाला लगेच सुचेना.

तर भाभी चिखलापर्यंत पोचल्या त्या स्वयंपाकघरातून. बद्रुद्दीनभाई, म्हणजे त्यांचे यजमान, बावीस वर्षं कुवेतला एका कंपनीच्या भांडारात नोकरीला. दोन वर्षांतून एकदा सुट्टीवर यायचे ते अत्तर, ब्लँकेट आणि दुधाच्या पावडरीचे डबे घेऊन. दोन हजार नऊला त्यात एक कॅमेरा निघाला. "फिजाच्या लग्नाला होईल," म्हणाले. फिजा, त्यांची मुलगी, तेव्हा बारावीला. म्हणजे कॅमेरा ब्लँकेटांच्या घडीत पाच-सहा वर्षं तरी झोपणार हे नक्की होतं. पण भाईंची सुट्टी संपली, घर रिकामं रिकामं वाटायला लागलं आणि एका दुपारी भाभींनी तो बाहेर काढला.

पहिला फोटो तळलेल्या पापलेटचा. फिजाने तो मेल केला. कुवेतहून लगेच फोन आला, "आसिया, चप्पल तळलीस काय?"

दुसरी बाई असती तर कॅमेरा परत ब्लँकेटात गेला असता. भाभींनी दुसऱ्या दिवशी पुन्हा पापलेट आणलं. ट्यूबलाइट बंद केली, ताट खिडकीशी सरकवलं आणि सावलीच्या बाजूला स्टीलची परात उभी धरली. खिडकीतला उजेड परातीवरून उलटून माशावर पडला आणि रवा सोन्यासारखा चमकला. फ्लॅश लावलाच नाही. शिवाय आधी ओढणीच्या मऊ टोकाने काच पुसली, कारण आदल्या दिवशी तिच्यावर तळणाचं बोट उमटलेलं होतं. या खेपेला कुवेतहून चप्पल आली नाही. भाई नुसतं म्हणाले, "सुट्टीला अजून चौदा महिने आहेत, असले फोटो पाठवत जाऊ नकोस."

मग गल्ली शिकायला लागली. शिकवताना भाभींच्या जिभेला हाड नसायचं. समोरच्या रंजिताने भाचीच्या साखरपुड्याचे चौऱ्याऐंशी फोटो एकदम इंटरनेटवर चढवले. भाभी म्हणाल्या, "रंजिता, बाजारात गेल्यावर तू पाटीतले सगळे बांगडे आणतेस का? डोळे बघून चार उचलतेस ना? साठ काढ, तीन दाखव. बाकीचे ठेव आपल्याजवळ, फेकू नको." त्याच रंजिताने मुलाचा गणवेशातला फोटो टाकला, तेव्हा भाभी ओढणी खोचून तिच्या दारात हजर. "शाळेचं नाव दिसतंय, दरवाजावरचा नंबर दिसतोय, स्कूटरची पाटीसुद्धा! आता किल्ली कुठे ठेवतेस तेही लिही खाली." फोटो दहा मिनिटांत उतरला. रंजिता दोन दिवस रागावली आणि तिसऱ्या दिवशी केकचे फोटो कसे काढायचे ते विचारायला आली.

मीठ मात्र त्यांना सहज वश झालं नाही. डोळ्यांना पांढरंशुभ्र दिसणारं मीठ फोटोत राखेसारखं यायचं. पंधरा दिवस त्या तुळशीरामच्या रिक्षाने गेल्या आणि चुलीतल्या राखेचे फोटो घेऊन आल्या. शेवटी कळलं की समोर सगळंच पांढरं असलं की कॅमेरा बिचकतो, उजेड फार झाला असं समजून चित्र काळवंडवतो. त्याला आपणच सांगायचं की बाबा, घाबरू नकोस, अजून थोडा उजेड येऊ दे. बटणाने एक पायरी उजेड वाढवला आणि मीठ मिठासारखं आलं. त्या दिवशी गल्लीत ज्याने त्याने तो ढीग पाहिला. ज्यांना पाहायचा नव्हता, त्यांनीही पाहिला.

ज्या फोटोवरून पुढचं सगळं घडलं, तो त्याच आठवड्यातला. सोनाबाई डोक्यावर मिठाची टोपली घेऊन बांधावरून येत होत्या. ऊन नुकतंच वर आलेलं, कलतं. भाभी चिखलात पालथ्या. उभं राहून काढला असता तर मागचे खारघरचे टॉवर सोनाबाईंच्या कानात खुपसल्यासारखे दिसले असते. आडवं पडल्यावर मिठाचा ढीग डोंगराएवढा झाला आणि टॉवर त्याच्यामागे गडप. टोपलीतून चार दाणे निसटले, त्यांना ऊन लागलं, आणि भाभींनी बटण दाबलं.

सोनाबाईंनी टोपली उतरवून कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकावून पाहिलं. मग म्हणाल्या, "आसिये, ही मी हाय?"

"तुम्हीच. इंटरनेटवर लावू का, सोनाबाई? नको म्हणालात तर नाही लावणार."

"लाव. पन खाली नाव तुजाच पायजे. मी तुज्यासमोर उबी रायले, दुसऱ्या कोनासमोर नाय. कोनी परका माजा फोटू घेऊन फिरतो, असा माना चालाचा नाय."

"माझा शब्द," भाभी म्हणाल्या.

हौशी फोटोवाल्यांचा एक ग्रुप होता, दोन हजार सभासदांचा. ठाण्याचे विनायकराव तो चालवायचे. भाभींनी फोटो लहान करून तिथे टाकला. मोठी, मूळ प्रत घरीच ठेवली, एक कार्डात आणि एक फिजाच्या कॉम्प्युटरवर. कोपऱ्यात लिहिलं, 'आसिया, पनवेल'. सहाशे माणसांना तो आवडला. कुवेतच्या मेसमध्ये बद्रुद्दीनभाईंनी तो दाखवल्याशिवाय आचाऱ्यालासुद्धा सोडलं नाही.

आणि जूनमध्ये घात झाला. दुसऱ्याच एका वेबसाइटच्या स्पर्धेत पहिला आलेला फोटो विनायकरावांनी कौतुकाने ग्रुपवर लावला. विजेता ग्रुपमधलाच, उदयसिंह नावाचा गृहस्थ, ज्याच्या कॅमेऱ्याची लेन्स हत्तीच्या सोंडेएवढी. फोटो सोनाबाईंचा. कोपरा कापलेला आणि कोपऱ्याबरोबर भाभींचं नावही कापलेलं.

फिजाने रागाने खाली लिहिलं, हा माझ्या अम्मीचा फोटो आहे. उदयसिंहाने उत्तर दिलं की हा आपला गेल्या वर्षीचाच, ताईंना तो कुठून मिळाला ते त्यांनाच विचारा. विनायकराव सरळ माणूस. त्यांनी दोघांनाही मूळ फाइल मागितली, दोन दिवसांची मुदत दिली, आणि खोटा ठरेल तो ग्रुपबाहेर असं जाहीर केलं. उदयसिंहाची हार्ड डिस्क म्हणे जळाली होती. भाभींनी मूळ फाइल लगेच पाठवली.

फाइलच्या पोटात फोटो काढल्याची वेळ लिहिलेली असते. ती निघाली पहाटे चार वाजून बावीस मिनिटांची.

"पहाटे चार बावीसला कोवळं ऊन?" उदयसिंहाने लिहिलं. "ताई, फाइल बनवताना निदान घड्याळ तरी बघायचं." खाली हसणाऱ्यांची रांग लागली. विनायकरावांनी फोन करून म्हटलं, "वहिनी, फाइल मोठी आहे, ते मला दिसतंय. पण वेळेचं मी लोकांना काय सांगू?"

भाभींनी फोन ठेवून फाइल पुन्हा उघडून घेतली; वेळ तीच, चार बावीस. ग्रुपबाहेर काढलं तर काढू देत. पण सोनाबाईंना काय तोंड दाखवायचं? परका माणूस त्यांचा फोटो घेऊन फिरत होता आणि बक्षीसही मिरवत होता. गल्लीला पहिल्यांदाच दिसलं की आसियाभाभी दारातून जाताहेत आणि कुणाला टोमणा मारत नाहीत. तुळशीरामने तर रिक्षा थांबवून विचारलं, "भाभी, तब्येत बरी आहे ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या डाळ निवडत बसल्या होत्या. सवयीने नजर भिंतीवर गेली. आमच्या गल्लीत ज्या घरचा माणूस आखातात, त्या घरात दोन घड्याळं. एक इथलं, एक तिथलं, अडीच तास मागे. भाभींच्या स्वयंपाकघरात ती शेजारी शेजारी टांगलेली. इथल्यात नऊ वाजून दहा, तिथल्यात सहा चाळीस. भाई आता उठले असतील, चहाला पाणी ठेवलं असेल, असं त्या मनात म्हणाल्या आणि ताट बाजूला सारून उभ्या राहिल्या.

"फिजा! कॅमेरा आण! कॅमेऱ्यात किती वाजले ते बघ!"

"सहा चाळीस, अम्मी."

कॅमेऱ्याचं घड्याळ बद्रुद्दीनभाईंनी कुवेतच्या दुकानात उभं राहून लावलं होतं. ते बदलतात हेच भाभींना ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी त्यांनी बदललं नसतं. चार बावीस म्हणजे इथले सहा बावन्न. ऊन बरोबर तेवढंच वर आलेलं.

भाभींनी मग दोन कामं केली. दोन्ही घड्याळांचा एका चौकटीत फोटो काढला, काचेवर चकाकी येऊ नये म्हणून जरा तिरपं उभं राहून. आणि त्या सकाळचे साठच्या साठ फोटो, डोळे मिटलेले, हललेले, सोनाबाई "पुरं आता" म्हणून हात उगारताहेत तो सुद्धा, क्रमाने ग्रुपवर चढवले. घड्याळांच्या फोटोखाली लिहिलं, "डावीकडचं घड्याळ पनवेलचं, उजवीकडचं माझ्या नवऱ्याचं. माझा कॅमेरा उजवीकडच्याचं ऐकतो. या फोटोच्या पोटात कुठली वेळ आहे ती ज्याने त्याने बघावी. आणि गेल्या वर्षी सोनाबाईंनी हात उगारलेला फोटो ज्याच्याकडे असेल, त्याने तोही दाखवावा."

तो कुणी दाखवला नाही. दुपारपर्यंत हसणारे लोक माफी मागायला लागले. घड्याळांचा फोटो मिठाच्या फोटोपेक्षा जास्त लोकांनी पाहिला. मस्कत, दोहा, दम्मामला नवरे असलेल्या बायाबापड्यांचे निरोप आले की आमच्या भिंतीवरही अशीच जोडी आहे. स्पर्धेचं बक्षीस काढून घेतलं गेलं आणि विजेत्याच्या जागी 'आसिया, पनवेल' आलं. तुळशीरामने ती बातमी आपणच आधीपासून सांगत होतो अशा थाटात स्टँडभर वाटली. भाभींनी फोटो मोठा करून, चौकटीत घालून सोनाबाईंच्या बंगल्यात पोचवला. सोनाबाईंनी चष्मा लावून आधी खालचं नाव वाचून घेतलं, मग स्वतःकडे पाहिलं. नाव भाभींनी या वेळी कोपऱ्यात घातलं नव्हतं. चौकटीच्या आत, बांधाच्या कडेला, जिथून कापायचं तर सोनाबाईंचे पायच कापावे लागतील, अशा जागी ते होतं.

ग्रुपबाहेर पडायच्या आधी उदयसिंहाने शेवटचं लिहिलं, "इंटरनेटवर उघड्यावर टाकलेला फोटो होता, ताई. मला वाटलं कुणीही घ्यावा. एवढं काय मनाला लावून घ्यायचं?"

भाभींनी फिजाला बाजूला सारलं आणि एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, स्वतः उत्तर लिहिलं:

"आम्ही कपडेसुद्धा गच्चीवर उघड्यावरच वाळत घालतो, भाऊ. म्हणून कोणी येऊन घालून जात नाही."