बायकांचा रकाना

दिवाळीला येऊ नका, घराचं काम काढलंय, असं मी तुम्हा नातवंडांना कळवलं होतं. ते खोटं होतं. मला क्षयरोग झाला आहे. औषधं सुरू आहेत, पण मागच्या खोलीतून बाहेर पडायला डॉक्टरांची अजून परवानगी नाही. खिडकीसमोर कारखान्याची भिंत आहे, आणि दाराला जाळी.

गेल्या वर्षी आपल्या कामतघरच्या चाळींतल्या क्षयाच्या रुग्णांची यादी मीच आरोग्य केंद्राच्या आशाताईंना करून दिली होती. पट्टीने रकाने आखले होते. पुरुषांचा भरला, बहुतेक यंत्रमागावर, म्हणजे लूमवर काम करणारे, एकाच खोलीत पाळीपाळीने झोपणारे. बायकांचा जवळजवळ कोरा राहिला.

"हा लूमवाल्यांचा आजार आहे," मी म्हणाले.

"बायकांनाबी होतो, आजी. त्या खोकत न्हाईत फक्त."

मी ते हसण्यावारी नेलं.

पुढे मलाच खोकला लागला. तपासणीची डबी मिळाली तेव्हा मी दोनदा चूळ भरली, पदराआड वळले आणि स्वच्छ थुंकी दिली. घरात माणसं असताना बाईने खाकरायचं नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. तपासणीत काही निघालं नाही. महिनाभर मी तुमच्या काकूला खेटून बसून भाजी निवडली. खोकला थांबेना, तेव्हा आशाताईंनी पुन्हा डबी आणली.

"एवढं इंग्रजी शिकलात, पण खोकता येत न्हाय तुम्हाला. थुंकी नको, छातीतला बेडका पायजे."

तसा दिला, तेव्हा निघालं.

आता काकू खोकते आहे. निदान मला तसं वाटतं. तोंडात पदर कोंबल्यावर आवाज कसा येणार? आज सकाळी ती जाळीपलीकडे उभी राहिली.

"आई, दिली मी."

"दाखव."

डबीत नुसतं पाणी.

"ही नाही चालायची. खोकून दे."

"तुमच्यासमोर? आन् हे बाहेर बसलेत."

"मग गच्चीवर जा."

"मला काय झालं न्हाय, आई. तुम्ही उगाच घोर लावून घेता."

ती गच्चीवर गेली की नाही, ते मला इथून दिसलं नाही. थोड्या वेळाने डबी पिशवीत घालून निघाली. मी पुन्हा "दाखव" म्हणाले, तर म्हणाली, "दवाखाना बंद होईल."

निकाल परवा येईल. काही निघालं नाही, तर घरात सगळे निर्धास्त होतील. मला मात्र या जाळीतूनच तिला पुन्हा डबी घ्यायला लावावी लागेल, आणि ती ऐकेल की नाही, ठाऊक नाही.