कोल्ड स्टोरेजच्या कॉम्प्युटरची हजेरी

ती खंडेनवमी अजून माझ्या डोक्यातून जात नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण निवृत्तीनंतर गॅलरीत बसून मी ज्या केसचा विचार करतो ती सडलेल्या पापलेटांची आहे.

तेव्हा मी अंधेरी पश्चिमेकडच्या एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. हद्दीत कोळीवाडा होता आणि तिथे मासे विकणाऱ्या बायकांच्या सोसायटीचं एक छोटं कोल्ड स्टोरेज. दसऱ्याच्या सकाळी ठाण्यातली शस्त्रपूजा उरकून आम्ही आपट्याची पानं वाटत होतो. तेवढ्यात दहा-बारा कोळणी आत शिरल्या आणि पुढच्या मावशींनी ठाणे अंमलदाराच्या टेबलावर टोपली आदळली. वासाने अर्धं ठाणं बाहेर पळालं.

मावशी सोसायटीच्या अध्यक्षा. त्यांचं म्हणणं सरळ होतं. थंडी राखायचं सगळं काम एक कॉम्प्युटर करतो. तो आदल्या दुपारी बंद पडला, मशीन थांबलं आणि आतला सगळा माल खराब झाला. "आमच्या घामाचा माल हाय साहेब! तो ऑपरेटर करून गेलाय, आन् पळालाय पन," त्या म्हणाल्या.

ऑपरेटर तिशीतला, राहायला देवनारला, मूळचा जालन्याकडचा. नवमीच्या सकाळी कामावरून गेला तो गेलाच, फोन लागेना. बर्फ वाहणाऱ्या एकाने मला बाजूला घेऊन सांगितलं, "साहेब, तो मागे बोललेला, एक दिवस ह्या कॉम्प्युटरची वाट लागणार." कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याने आणखी भर घातली. म्हणे आत एक गुपचूप चालणारा प्रोग्राम सापडलाय, ऑपरेटरनेच टाकलेला. शिवाय त्याला मोबाइलवरून बाहेर बसून कॉम्प्युटर चालवता येत होता. झालं! हेतू, हत्यार आणि पलायन, तिन्ही हातात. मी कॉम्प्युटर पंचनामा करून ताब्यात घेतला आणि स्टेशन डायरीत स्वतःच्या हाताने 'फरार' लिहिलं.

फरार माणूस कुठे सापडला? दोन दिवसांनी कुर्ला टर्मिनसवर, नागपूरहून येणाऱ्या गाडीतून उतरताना. सोबत बायको, म्हातारी आई आणि दीक्षाभूमीवरून घेतलेल्या पुस्तकांची पिशवी. आमच्या लोकांनी त्याला दंडाला धरून फलाटावरून आणलं. विजयादशमीला हा माणूस दर वर्षी आईला घेऊन नागपूरला जातो, हे देवनारला त्याच्या शेजारच्या कोणालाही विचारलं असतं तर कळलं असतं. त्याचा रजेचा अर्जही होता, त्यावर खुद्द मावशींची सही होती, न वाचता केलेली. मी विचारलं नाही. चूक माझी, दुसऱ्या कोणाची नाही.

चौकशीच्या खोलीत बसवल्यावर आरोपी साधारण दोन गोष्टी करतो. रडतो, नाहीतर मोठ्या माणसाचं नाव सांगतो. हा दोन्ही करेना. तो वैतागला होता.

"साहेब, मला मारा नाहीतर ठेवा, पण आधी ती फाइल वाचा ना. तुम्ही जिला गुपचूप प्रोग्राम म्हणताय तिची."

"काय आहे तो?"

"हजेरी आहे. पायथन भाषेत लिहिलेला छोटासा प्रोग्राम, स्क्रिप्ट म्हणतात."

मग त्याने मला जे शिकवलं ते मी शाळेतल्या पोरासारखं ऐकत बसलो. कॉम्प्युटरमध्ये एका वेळी शंभरेक प्रोग्राम चालू असतात, आपल्याला दिसतात दोन-तीन. ते कोण, हे कॉम्प्युटरला विचारायची सोय कोणीतरी आधीच लिहून फुकट ठेवलेली आहे, तिला लायब्ररी म्हणतात. त्याची स्क्रिप्ट त्या लायब्ररीमार्फत दर मिनिटाला विचारायची, 'आता कोण कोण चालू आहे?' आणि उत्तर फाइलमध्ये उतरवून ठेवायची. जुना कॉम्प्युटर दमतोय, मेमरी वाढवा, असं तो कमिटीला वर्षभर सांगत होता. कोणी ऐकेना, म्हणून पुरावा जमवत होता. 'वाट लागणार' हेही त्याच संदर्भात बोललेला.

फाइल उघडली आणि मी चाटच पडलो. प्रत्येक प्रोग्रामचं नाव, त्याचा नंबर, तो किती वाजता सुरू झाला, किती मेमरी खातोय आणि त्याला सुरू कोणी केलं. आम्ही ठाण्यात नाव, वडिलांचं नाव, वय, राहणार असं लिहितो, जवळपास तेच! "अरे, इथेही बापाचं नाव लागतं?" मी विचारलं. पहिल्यांदाच तो थोडा हसला.

फाइल त्याचीच, म्हणून मी सायबर सेलच्या उपनिरीक्षक बाईंना बोलावलं. फाइलला मागाहून कोणी हात लावलेला नाही, याची त्यांनी खात्री करून दिली. मग आम्ही तिघं नवमीची दुपार वाचायला बसलो. बारापर्यंत सगळं शांत. बारानंतर मदतीची, म्हणजे 'हेल्प'ची, खिडकी उघडलेली, मग दुसरी, तिसरी. दर मिनिटाला जवळजवळ तेवढ्याच नव्या, आणि मेमरी चढत चाललेली. शेवटी मेमरी भरून थंडी सांभाळणारा प्रोग्राम यादीतून नाहीसा, आणि थोड्याच वेळात फाइलही संपलेली.

बाईंनी दोन गोष्टी दाखवल्या. बाहेरून आत शिरायला जो प्रोग्राम चालू लागतो, त्याचं नाव त्या दुपारी यादीत एकदाही नव्हतं. आणि त्या सगळ्या खिडक्यांचा बाप एकच, समोरच्या स्क्रीनवरचा डेस्कटॉप. म्हणजे जे झालं ते त्याच खोलीत, त्याच कीबोर्डवरून. पण मला खटकला तो वेग. माणूस बटण दाबताना मध्येच खोकतो, चहा पितो, कंटाळतो. हा कोण होता जो एका चालीत दाबतच राहिला?

"बारा वाजता खोलीत कोण होतं?" मी मावशींना फोनवर विचारलं.

"कोन असनार? पूजा होती ना खंडेनवमीची. हार घातला, ताट ठेवलं, टीव्ही बंद केला न् दार ओढून घेतलं. यंत्राला आराम नको?"

टीव्ही म्हणजे स्क्रीन. डबा, म्हणजे खुद्द कॉम्प्युटर, चालू ठेवायचा असतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून आराम फक्त स्क्रीनला दिला होता. त्यामुळे धोक्याची सूचना आली तरी बघणार कोण? दुपारी मशीनचा आवाज थांबल्याचं वॉचमननेही ऐकलं होतं. त्यालाही वाटलं, आज खंडेनवमी, मशीनला सुट्टी दिली असेल.

मी जप्त केलेला कॉम्प्युटर आणि कीबोर्ड घेऊन कोळीवाड्यात गेलो आणि सगळं होतं तसं जोडून घेतलं. वरच्या डाव्या कोपऱ्याजवळच्या 'एफ वन' बटणाच्या फटीत कुंकू होतं. मावशींना म्हटलं, "तुमचं ताट नवमीला ठेवलं होतं तस्संच ठेवा." पितळेचं जड ताट, त्यात नारळ, विडा. त्यांनी ते मनोभावे ठेवलं. काठ बरोबर त्या बटणावर टेकला. ते मदतीचं बटण! मी स्क्रीन चालू केला आणि आमच्या डोळ्यांसमोर खिडकीवर खिडकी उघडत गेली.

मावशी बघतच राहिल्या. मग त्यांनी घाईघाईने ताट उचललं. "मना काय ठाव रं देवा! मीच केलं? आन् पोराला धरून आनायला लावलं?" त्या पदर तोंडाला लावून रडल्या. मलाही कानकोंडं झालं, कारण धरून आणणारा मी होतो.

त्याच संध्याकाळी ऑपरेटरला सोडलं. सोसायटीने त्याला नोकरीवर परत घेतलं आणि मेमरीही वाढवली. कागदावर केस मिटली. पण मला चैन पडेना. रविवारी मावशींना बरोबर घेतलं, अंगावर वर्दी चढवली आणि भर दिवसा देवनारला ऑपरेटरच्या वस्तीतल्या बुद्धविहारात गेलो. वंदना झाल्यावर सगळ्यांसमोर उभा राहिलो आणि सांगितलं, चूक पोलिसांची होती, या मुलाचा काही दोष नव्हता. मावशींनीही हात जोडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, चहा आला. छान वाटलं, खोटं का बोलू.

निघताना त्याची आई दारापर्यंत आली. आवाजात राग नव्हता.

"साहेब, तुम्ही आलात, बरं केलंत. पण माझं पोर तसलं नाही हे इथल्यांना माहीतच होतं. ज्यांना माहीत नव्हतं, ते सगळे कुर्ल्याच्या फलाटावर होते."

पुढे निवृत्त होईपर्यंत घरच्यांच्या देखत कोणाच्या दंडाला हात घालायच्या आधी मी चार घरी चौकशी करायला माणूस पाठवत राहिलो. हाताखालचे कुरकुरायचे, साहेब वेळ घालवतात म्हणायचे. म्हणू देत. फलाटावरची ती माणसं मला आता कुठे सापडणार आहेत?