पाच बोटांचा पंजा

आठवडाभर ती दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायची. मेणात एकेक दात बसवून बोटाच्या टोकानं चाचपून बघायची. केसाएवढी उंची जास्त झाली तरी तिच्या बोटाला कळे. आणि रविवारी एका रिकाम्या गोदामात चिलखत चढवून तलवार चालवायची. जुन्या काळच्या लढाया खेळणाऱ्यांचा तिथे कंपू होता. हत्यारं बोथट असत, पण पोलादाची. तिला तिथे धाकट्या भावानंच ओढलं होतं. नवरा हसायचा, "लहानपणी भांडून पोट भरलं नाही वाटतं तुमचं!"

चिलखतातले पंजे, म्हणजे हातावर चढवायचे पोलादी मोजे, उसने किती दिवस वापरायचे, म्हणून बहीणभाऊ चिलखतं घडवणाऱ्या लोहाराकडे गेले. त्यानं दोन जोड पुढे ठेवले. एक मुठीचा: अंगठा वेगळा, बाकी चारही बोटं एकाच रुंद पत्र्याखाली. दुसऱ्यात प्रत्येक बोटाला माशाच्या खवल्यांसारखे स्वतंत्र पत्रे.

"तुमचं पोट बोटांवर ना? मग मुठीचा घ्या," लोहार म्हणाला. "घाव चार बोटांत वाटला जातो. दुसऱ्यात ज्या बोटावर पडेल, ते एकटं मरतं."

तिनं मुठीचा चढवला. मूठ पुरती मिटेना, तलवार हातात फिरायला लागली.

"वापरून सैल होईल. थोडी कळ काढा."

मग तिनं दुसरा घातला. बोटं आपलीच असावीत तशी वाकली. बाकावर पडलेला खिळा तिनं चिमटीत उचलून दाखवला.

"ताई, हाच घे," भाऊ म्हणाला. "तलवारच हातात राहिली नाही, तर त्या मुठीचं काय लोणचं घालायचंय?"

ती हसली. खिळा उचलता आला याचाच तिला आनंद झाला होता. आत जाड अस्तर घाला, असं लोहारानं बजावलं. पण अस्तरानं पंजा आवळेल म्हणून तिनं तेही टाळलं.

घाव पडला तो सरावात, आणि भावाच्याच हातून. तो कुऱ्हाड घेऊन चढत आला. मागे सरताना तिचा तोल गेला, म्हणून तिनं लाकडी कठड्यावर हात टेकला. खांद्यावर मारलेली कुऱ्हाड पत्र्यावरून घसरली ती थेट त्या हातावर. वरून कुऱ्हाड, खालून लाकूड. तिला आधी दुखलंच नाही. पंजा निघेना, तेव्हा भीती वाटली. दवाखान्यात पत्रे कापून काढावे लागले, कारण ते मधल्या बोटात रुतले होते. ते बोट गेलं. शेजारचं वाचलं, पण काठीसारखं ताठ झालं.

मालकानं तिला कामावरून काढलं नाही. साच्यांचं प्लास्टर कालवायला बसवलं. तिच्या जागेवर नवी मुलगी आली. शेजारचे म्हणत, नोकरी राहिली हेच नशीब. ती मान हलवायची. दोष वाटून घ्यायला तिघं होते: न ऐकणारी ती, आग्रह करणारा भाऊ, आणि विकणारा लोहार. बोट मात्र तिचं एकटीचं गेलं होतं.

भाऊ दवाखान्यात एकदाच आला, दारातूनच परतला. नंतर फोनही नाही. हात दुखायचा त्यापेक्षा तिला तेच जास्त लागलं. पुढे एका दुपारी तो दारात उभा दिसला. गालफडं बसलेली, दाढी वाढलेली.

"कुऱ्हाड विकून टाकली," तो म्हणाला.

"मग? मी काय करू?"

त्यानं विचारलं, "ताई, माझ्यावर राग आहे तुझा?"

"आहे," ती म्हणाली. "तुझ्यावर आहे, माझ्यावरही आहे. रोज सकाळी वेणी घालताना नव्यानं येतो."

तो वळला. तिनं चांगल्या हातानं त्याची बाही धरली.

"राग आहे म्हटलं, जा नाही म्हटलं. आत ये. पीठ मळायचंय, मला जमत नाही."

त्यानं हात धुतले आणि परातीपुढे बसला. पाणी जास्त पडलं, पीठ बोटांना चिकटलं. ती बघत राहिली. दोघांपैकी कुणालाही हसू आलं नाही.