आईच्या पाच नंबरच्या चपला

भूतबाधा, चमत्कार, अंगात येणं... यातलं मी काही मानत नाही, घरातही चालू देत नाही. म्हणूनच हे लिहायला मला आठ महिने लागले.

मी बावन्न वर्षांचा, औरंगाबादच्या उस्मानपुऱ्यात राहतो. मी आणि बायको, दोघंच औरंगाबाद लेणीपासून अजिंठ्यापर्यंत पायी निघालो होतो. अंतर साधारण एकशे पाच किलोमीटर, पाच दिवस. वाटेतल्या गावांच्या विहारांत वंदना करायची आणि जवळच तंबू ठोकायचा. सोमवारी अजिंठा बंद, म्हणून मंगळवारी पोचायचं ठरवलं.

खरं तर ही यात्रा आईची. अजिंठ्याच्या झोपलेल्या बुद्धाच्या पायाशी एकदा बसायचं, एवढंच ती मागायची. मी दरवर्षी "पुढच्या वर्षी" म्हणायचो. मग तिचं खुब्याचं हाड मोडलं. आम्ही निघालो तोवर चौदा महिने तिनं जमिनीला पाय लावला नव्हता. त्याच आठवड्यात घेतलेल्या नव्या चपला तशाच पडून होत्या.

निघताना म्हणाली, "मी नाय येत, माझ्या चपला तरी ने. लेणीच्या दारात काढून ठेव."

सगळं सामान मी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजून भरलं होतं. चपला ४२० ग्रॅम. मी कुरकुर केली.

"न्या की!" बायको म्हणाली. "लहानपणी त्यांनी तुम्हाला कडेवर घेतलं, तवा वजन केलं होतं का?"

आईजवळ राहायला आलेल्या माझ्या बहिणीनं चपला पिशवीत घालून गाठ मारली. तळाला पाच नंबरचा स्टिकरही तसाच होता.

पाचही दिवस ती पिशवी माझ्या सॅकच्या तळाशी होती. सॅक पाठीवर, नाहीतर तंबूत उशाला.

मंगळवारी सकाळी झोपलेल्या बुद्धाच्या, म्हणजे सव्वीस नंबरच्या लेणीबाहेर बूट काढले. बहिणीनं मारलेली गाठ सुटेना, म्हणून पिशवी फाडली... आणि चपला उलट्या करून पाहिल्या.

स्टिकर गेलेला. तळ घासून गुळगुळीत, खाचांत काळी माती आणि बारीक खडी. आणि उजवी टाच बाहेरच्या बाजूनं झिजलेली — आई उजवा पाय ओढत चालायची, तिची प्रत्येक चप्पल अशीच झिजायची.

"तुम्ही घातल्या का?" बायकोनं विचारलं. माझा नंबर नऊ, तिचा सात.

चपला दारात ठेवल्या. आत काय पाहिलं, आठवत नाही. निघताना चपला परत सॅकमध्ये घातल्या.

लेण्यांजवळच्या फर्दापूर गावात रेंज आली, तेव्हा घरी फोन केला. बहिणीनं फोन आईच्या कानाला लावला. मी नुसतं "आई" म्हणालो.

"झिजल्या ना रं? असू दे. दुसऱ्या नको घेऊ... माझं झालं चालून."

चपलांबद्दल आम्ही कुणाला एक अक्षर बोललो नव्हतो.

त्यानंतर तिनं अजिंठ्याचं नाव काढलेलं नाही. घरी आल्यावर चपला धुऊन, वाळवून त्याच काट्यावर ठेवल्या. ३९१ ग्रॅम. तीनदा मोजलं.

ते एकोणतीस ग्रॅम कुठल्या रस्त्यावर झिजले, मला अजून सांगता येत नाही.