काचनळीतलं पाणी

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, इंदूरची एक कापडगिरणी एकदा केवळ एका मार्कामुळे हवेत उडता उडता राहिली. काल सुदामा नगरात इस्त्रीवाल्याच्या कोळशाचा वास आला आणि ते प्रकरण आठवलं. बॉयलर चालवायच्या सर्टिफिकेटच्या परीक्षेत मी एका मार्काने नापास झालो होतो. म्हणजे जन्मभर कोळसाच ओढायचा. प्रश्न होता, बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचनळीत पाणी दिसेनासं झालं तर आधी काय कराल? मी लिहिलं, भट्टीतली आग बाहेर ओढीन. परीक्षा घेणाऱ्या साहेबांकडच्या छापील उत्तरात होतं, ताबडतोब पाणी सोडावं. लाल तापलेल्या पत्र्यावर गार पाणी पडलं की बॉयलर फुटतो, हे गिरणीत सगळ्यांना ठाऊक. गिरणीतल्या म्हाताऱ्या बॉयलर-मिस्त्रींना घेऊन मी साहेबांच्या ऑफिसात गेलो. वाळ्याच्या ओल्या पडद्याआड बसलेले साहेब शांतपणे म्हणाले, "छापलेलं चूक कसं असेल?" मी अर्धा तास शास्त्र समजावलं. त्या विद्वत्तेमुळेच मार्क मिळाला, असं आजवर सगळ्यांना सांगत आलोय. खरं तर मिस्त्री मध्येच बोलून गेले होते, "साहबजी, असं करा, उद्या आमच्या बॉयलरात पाणी तुम्हीच सोडा, आम्ही तोवर इंदूर सोडून तिकडे लांब मानपुरला जाऊन उभे राहतो."