नंबर नको, काम सांगा

मुरुममध्ये एखाद्यानं हरवायचं ठरवलं असतं, तरी त्याला हरवता आलं नसतं. कारण तिथल्या टेलिफोनच्या बोर्डावर आमचे थोरले साडू बसत होते. या घटकेला तालुक्यातला कोण माणूस कुणाच्या ओट्यावर चहा पितोय, हे त्या माणसाच्या बायकोआधी साडूभाऊंना ठाऊक असे. अंगात पांढरा सदरा, डोक्याला टोपी, टोपीवरून कानाला फोन धरणारी लोखंडी पट्टी आणि गालात पान. टोपी काढून पट्टी लावावी असं तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा सुचवलं. साडूभाऊ म्हणाले, "बोडक्या डोक्यानं कलेक्टरसायबाशी बोलू व्हय?" साहेब पुढच्या टेबलाकडे वळले.

नंबराची त्यांना मनस्वी चीड. "नंबर भिंतीला असतो, माणसाला न्हाय. काम सांगा," असं ते पुकारणाऱ्याला खडसावत. दवाखान्याचा नंबर मागितला की म्हणत, "दवाखाना घिऊन काय करता? डॉक्टर सरपंचाच्या जावयाचं गळू फोडायला गेल्यात, तिथं जोडतो." आणि खरंच जोडत. जनावरांचे डॉक्टर दोन, एक थोरले आणि एक नवे. सगळ्यांना थोरलेच हवे असत. साडूभाऊ सांगत, "थोरल्याकडं सकाळधरनं चार म्हशी लावल्यात. तुमची धाकट्याकडं." समोरचा कुरकुरला की विचारत, "म्हशीला विचारलं का?"

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात तर सरकारी कचेऱ्यांनाही घर राहिलं नव्हतं. टंचाईची कचेरी सोमवारी शाळेत, बुधवारी गोदामात आणि मोर्चा निघाल्याची कुणकुण लागली की कुठंच नाही. ती नेमकी कुठल्या झाडाखाली भरलीय हे फक्त साडूभाऊ सांगत. सोसायटीत पत्ते बदलत नसत, पण तिथली तऱ्हा वेगळी. चेअरमन सेक्रेटरीकडे बोट दाखवायचे, सेक्रेटरी मॅनेजरकडे, मॅनेजर पुन्हा चेअरमनकडे. बियाण्यासाठी फोन करणारे शेतकरी गोल गोल फिरताना बघून साडूभाऊ एक दिवस वैतागले. त्यांनी बोर्डावरच्या तिघांच्याही दोऱ्या एकदम जोडल्या, "घ्या, आता एकमेकांकडंच पाठवा," म्हणाले आणि पान लावायला घेतलं. तिघं अर्धा तास एकमेकांशी अदबीनं बोलत होते म्हणे.

माझी मुलगी पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. परवा ती मला समजावत होती, की त्यांचं मोठं सॉफ्टवेअर म्हणजे एक अखंड वस्तू नसतेच. शेकडो छोटे तुकडे असतात, प्रत्येकाचं काम एकच आणि आज या मशीनवर तर उद्या त्या. मग एकाला दुसरा सापडावा कसा? त्यासाठी एक नोंदवही असते. प्रत्येकानं थोड्या थोड्या वेळानं तिथं 'मी आहे' असं कळवायचं. नाही कळवलं, की नाव बाद. हे सगळं ती मोठ्या अपूर्वाईनं सांगत होती. मी म्हटलं, "बाळ, तुमची ही नोंदवही आमच्या मुरुमात पान खायची."

कारण साडूभाऊंची रीत हीच होती. सकाळी आठला ते कामाच्या प्रत्येक माणसाला फोन लावत. "आहात?" "आहे." खट्. ओळीनं तीन सकाळी ओ आली नाही, की वहीतल्या नावावर तांबड्या पेन्सिलीची रेघ. ती पुसायची तर त्यानं जातीनं यायचं. घसा बसल्यामुळे एका कंपाउंडरला तीन दिवस 'आहे' म्हणता आलं नाही. बिचारा बोर्डापुढं येऊन उभा राहिला, हातवारे केले. साडूभाऊ म्हणाले, "तोंडानं म्हणा." रेघ मारलेल्या माणसाची कुणी चौकशी केली, तर त्यांचं उत्तर एका शब्दाचं असे: "गेले."

या एका शब्दानं आमचं गाव सहा दिवस तहानेनं तडफडलं.

मी तेव्हा मुरुमपासून आठ मैलांवरच्या गावात ग्रामसेवक होतो. विहिरी केव्हाच आटल्या होत्या. अख्खं गाव एका बोअरवर जगत होतं आणि नेमकी तिचीच मोटर जळाली. खोल बोअरमधून मोटर वर ओढायची साखळी-कप्पी त्या भागात एकट्या कासीम मिस्त्रीकडे. मी पोस्टातल्या फोनवरून मिस्त्री मागितले.

"मिस्त्री गेले," साडूभाऊ म्हणाले.

"कधी हो?"

"तीन दिस झाले."

"अहो, पण झालं काय?"

"काय की. दुकानावर तीनदा आवाज दिला, ओ न्हाय." खट्.

गावानं दोन मिनिटं उभं राहून शोक पाळला. सरपंच म्हणाले, "लई गुणाचा माणूस." बायका दीड कोसावरच्या झऱ्यातलं गढूळ पाणी वाटीवाटीनं भरत होत्या आणि पोरांना हगवण लागली होती. मी पंचायत समितीला दुसरा मिस्त्री मागितला. लेखी उत्तर आलं, की जुन्या मिस्त्रीच्या मृत्यूचा दाखला जोडल्याशिवाय नवा देता येत नाही. म्हणून सहाव्या दिवशी सकाळी दाखला मागायला आणि सांत्वन करायला हार घेऊन मी मुरुमला मिस्त्रीच्या दारात उभा राहिलो.

त्यांच्या बायकोनं हाराकडे पाहिलं. "या अल्ला! हार किसके वास्ते?"

"मिस्त्री गेल्याचं कळलं..."

"व्हय, गेले की. माकणीला, भावाकडं. तितल्या धरणावर पंप बिघडलाय."

मी तसाच बोर्डावर गेलो. "साडूभाऊ, मिस्त्री जिवंत आहेत! माकणीला आहेत!"

"मेले असं म्या कवा म्हणलं? गेले म्हणलं."

"मग कुठं गेले ते का नाही सांगितलंत? गाव सहा दिवस पाण्यावाचून आहे!"

साडूभाऊंनी वही उघडली, रेघेकडे पाहिलं. माकणीची लाइन लावून पाहिली. ती मेलेली होती. मग मी कधी पाहिलं नव्हतं ते पाहिलं. त्यांनी कानाची पट्टी उतरवली, खुंटीला अडकवली, पान थुंकलं आणि सरळ एसटीच्या थांब्याकडे चालू लागले.

पंधरा वर्षांत बोर्ड पहिल्यांदाच मोकळा पडला. त्या दिवशी मुरुममध्ये कुणाला कोणी सापडेना. धाकटे डॉक्टर दिवसभर मोकळे बसले. चेअरमननी समोरच्या खोलीतल्या मॅनेजरला शोधायला जीप धाडली आणि ती उमरग्याला जाऊन आली. साडूभाऊ कुठं आहेत हे विचारायला लोक बोर्डावरच येत होते आणि सांगणारं तिथं कोणी नव्हतं. जागा सोडल्याबद्दल पुढं त्यांना मेमो मिळाला, बदलीही झाली. धाराशिवला एका खोलीत, आपोआप जोडणाऱ्या यंत्रांच्या सोबतीला त्यांना बसवलं. एसटीत चढतानाच त्यांना हे कळलं असणार.

दिवस कलताना धरणावरच्या ट्रकमधून ते मिस्त्रीला आणि साखळी-कप्पीला घेऊन गावात उतरले. मिस्त्रीला बघून सरपंच दोन पावलं मागं सरले. "म्या हाय की!" मिस्त्री म्हणाले आणि कामाला लागले. त्यांनी सोबत आणलेली दुसरी मोटर बोअरमध्ये उतरवली. सूर्य बुडायच्या आत पाणी आलं.

घागरींची रांग लागली. नेहमीप्रमाणे बौद्धवाड्यातल्या बाया शेवटी. इथंही साडूभाऊंना राहवेना. "आजी, पुढं या. तुम्ही भरा आधी," ते त्यांतल्या एका म्हातारीला ओरडून म्हणाले.

म्हातारी थबकली. तिचा मुलगा सोलापूरला होता. महिन्यातून एकदा ती पोस्टात येऊन त्याच्याशी बोलायची. "आगं बया, ह्यो तर फोनमदला!" ती म्हणाली. पुढं येऊन तिनं साडूभाऊंचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. "लई वाळलास की रं. आवाजावरनं दांडगा वाटायचास."

सगळ्या बाया वळून बघू लागल्या. पंधरा वर्षं यांनी त्यांचे भाऊ, लेक, जावई शोधून दिले होते आणि एकीनंही यांना पाहिलं नव्हतं. साडूभाऊंचे डोळे भरून आले. "आजी, माझ्यामुळंच..." एवढंच त्यांना म्हणता आलं.

म्हातारीनं भरलेला तांब्या त्यांच्यापुढं धरला. त्यांनी तो तोंडाला लावून गटागटा रिकामा केला. त्या घडीला मला हा हेकट माणूस सख्ख्या भावाहून जवळचा वाटला.

"बस जरा," म्हातारी म्हणाली. "आज कुनाला जोडायचं न्हाय तुला."

साडूभाऊ तिच्या घागरीशेजारी मातीत बसले आणि अंधार पडेपर्यंत बसून राहिले.