नवी भरती, नवे बूट

फुटबॉलचा हंगाम पावसाळ्यात, पण फुटबॉलची खरी भांडणं सुरू व्हायची दिवाळीनंतर. मैदानावरचा चिखल वाळला, गोलचे खांब उपटून गिरणीच्या गोदामात गेले, की आमच्या ठाण्याच्या कोपरीत बातम्या यायला लागायच्या. कोण टीम सोडून चालला, कोणाला मुंबईच्या कुठल्या क्लबातून फोडून आणला, कोणाचा गुडघा गेला. पानाच्या गादीवर, विहिरीवर, मासळीच्या पाट्यांशी, सगळीकडे हाच विषय. आणि या बातम्यांवर अजिबात विश्वास न ठेवणारी गावात एकच बाई होती, ती म्हणजे मी.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. मी सकाळी रूळ ओलांडून नौपाड्यातल्या प्राथमिक शाळेत शिकवायला जायचे आणि संध्याकाळी परत आले की दादाची वाट बघत ओटीवर बसायचे. पोरीच्या जातीनं फुटबॉलवर बोलू नये, असं आई म्हणायची. पण माझा सख्खा भाऊ गिरणीच्या टीममध्ये राइट-आउट होता, उजव्या कडेनं चेंडू घेऊन धावणारा. माझं तोंड कोण धरणार?

आमचं घर मिठागरावरचं. बाबांचा जन्म खाडीकाठच्या त्या बांधांवरच गेला. मीठ पिकतं उन्हात आणि फुटबॉल खेळतात पावसात, त्यामुळे दादा लहानपणापासून दोन्ही करत आला. उन्हाळाभर बाबांबरोबर मिठाची जमीन पायांनी तुडवून घट्ट करायची आणि पावसाळ्यात त्याच पायांनी चेंडू मारायचा. गिरणीच्या टीमच्या लोकांनी त्याला असाच एका पावसात पाहिला आणि बदली कामगार म्हणून आत घेतला. बदली म्हणजे रोज सकाळी गेटवर उभं राहायचं. आत कोणी गैरहजर असेल तर मुकादम बोट दाखवेल त्याला काम, बाकीचे घरी. पण टीममधल्या पोरांना मुकादम कधीच परत पाठवायचा नाही. ही तिथली रीतच होती. गेटवर पन्नास माणसं ताटकळत असायची आणि दादा त्यांच्यामधून सरळ आत जायचा. आज ना उद्या कायम करू, असंही त्याला सांगितलेलं होतं. बाबांचा सगळा जीव त्या ‘कायम’मध्ये अडकला होता. पोरगा मिठातून सुटला पाहिजे, एवढं एकच मागणं ते देवापाशी मागायचे.

त्या वर्षी दिवाळीनंतर टीममध्ये तीन नवे गडी आले. टीम चालवायचे ते गिरणीच्या सूतखात्यातले स्पिनिंग मास्तर. राहायला नौपाड्यात, सायकलवरून फिरणारे, सज्जन गृहस्थ. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात होती. त्यांनी पुण्याच्या कॅम्पातून एक गोलकीपर आणला, कल्याणच्या रेल्वे कॉलनीतून एक सेंटर-हाफ आणि मुंबईच्या एका क्लबातून एक राइट-आउट. गाव नुसतं खूश. यंदा कप आपलाच, म्हणून पोरांनी आधीच गूळ वाटला.

मी गोलकीपरला सरावात पाहून आले आणि घरी येऊन म्हटलं, “बाबा, मास्तरनी गोलकीपर नाय, खांब आनलाय. दोन व्हते, आता तीन झाले.”

बाबा विडी वळत होते. म्हणाले, “तुना काय कलतं गो त्यातला? मास्तर काय येडा हाय?”

सेंटर-हाफबद्दल तर मी कोणाचंच ऐकून घेतलं नाही. कल्याणला माझी आत्या राहायची. तिच्याकडे गेले की मी रेल्वेच्या मैदानावर सामने बघितल्याशिवाय परतायचे नाही. त्या अँग्लो-इंडियन माणसाचे निम्मे नातेवाईक विलायतेला गेले होते आणि उरलेले सामान बांधत होते, हे सगळ्या कल्याणला ठाऊक. शिवाय आंबा एवढा गोड असता तर कल्याणकरांनी तो ठाण्यापर्यंत येऊ दिला असता का? बाजार उठल्यावर उरलेला माल स्वस्तात घ्यायचा आणि वर गूळ वाटायचा, अशातली गत.

या दोघांवर मी मनसोक्त तोंडसुख घेतलं. तिसऱ्यावर मात्र माझ्या तोंडून काही निघेना. राइट-आउट म्हणजे दादाची जागा. दादाबद्दल मास्तर काहीच बोलले नव्हते आणि दादाही घरी काही बोलत नव्हता. जेवताना खाली मान घालून जेवायचा आणि उठून जायचा.

शेवटी मीच एकदा मास्तरांना बाजारपेठेत गाठलं. सायकल थांबवून ते उतरले.

“राइट-आउट आपल्याकडे होता की, मास्तर,” मी म्हटलं. “मग दुसरा कशाला?”

“अहो बाई, तुमचा भाऊ गुणी आहे, मला का ठाऊक नाही?” ते म्हणाले. “पण अनवाणी फुटबॉलचे दिवस गेले. येत्या हंगामापासून लीगमध्ये बूट सक्तीचे केलेत. तो नवा मुलगा बुटांतच शिकलाय. मी दोघांनाही संधी देतो. पावसाच्या आधी निवडीचा सामना ठेवू. तुमच्या भावानं बुटांत खेळून दाखवलं तर जागा त्याची, आणि मग त्याला कायम करायची शिफारस मी स्वतः वर करतो.”

“आणि नाही जमलं तर?”

मास्तरांनी सायकलची घंटी उगाच एकदा वाजवली. “मग तो बदलीतच. मुकादम काय करेल ते माझ्या हातात नाही.”

माणूस खोटं बोलत नव्हता. त्याचाच मला जास्त राग आला. लबाड माणसाशी निदान भांडता तरी येतं.

गिरणीनं प्रत्येक खेळाडूला एकेक जोड दिला. दादाचे बूट काळे, कडक, कातड्याचा वास मारणारे होते. घरात ते ठेवले तेव्हा आमच्या घरात चामड्याची पायताणंही नव्हती, त्यामुळे सगळे भोवती जमून बघत राहिलो. मग दादानं पाय आत घालायला सुरुवात केली आणि ते शिरेनात. मीठ तुडवून तुडवून त्याचे पाय रुंद झाले होते, बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी फाकलेली. त्याच बोटांनी तो धावता धावता चेंडू अलगद वळवायचा. त्यासाठीच लोक मैदानावर यायचे. बुटात ती बोटं एकमेकांवर चढून बसली. मोठ्या मापाचा जोड गिरणीकडे नव्हता.

तरी तो रोज पाळी संपली की बूट घालून मैदानावर जायचा. आठवड्याभरात टाचा सोलवटल्या. तो कोणाला दाखवायचा नाही, पण पाय धुताना आई गं म्हणायचा आणि ते बाबांनी ऐकलं.

बाबांनी आयुष्यात फुटबॉलचा एकही सामना पाहिला नव्हता. त्यांना कळायचं ते मीठ. दात दुखला, मीठ. पाय मुरगळला, मीठ. नवा दोर आणला, नवी टोपली आणली, की मिठागरातले लोक ती आधी खाऱ्या पाण्यात मुरत ठेवतात. खारात मुरलेली वस्तू टिकते, तिचा आकार बसतो, असा आमच्यातला पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव. दोराच्या आणि टोपलीच्या बाबतीत तो खराही आहे. बाबांनी विचार केला, बूट काय, नवाच आहे. मुरवला की सैल होईल.

निवडीचा सामना रविवारी होता. त्याच्या आधीचे तीन दिवस दादाला रोज सलग दोन पाळ्या लागल्या. तेवढ्यात बाबांनी कोणाला न सांगता बूट मिठागरावर नेले. पायाच्या आकारासाठी आत चिंध्या कोंबल्या, वर दगड ठेवले आणि सगळ्यात खारट पाण्याच्या कुंड्यात बुडवून ठेवले. मग बाहेर काढून वैशाखाच्या उन्हात बांधावर वाळवले. शनिवारी संध्याकाळी ते बूट घेऊन घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा इतका फुललेला होता की मला आधी वाटलं, कोणाचं तरी लग्न ठरलं.

बूट पांढरे पडले होते. कातडं सुकट बोंबलासारखं वाकडं झालं होतं आणि बोटानं दाबलं तर दबत नव्हतं. टाचेपाशी उभी भेग गेली होती.

“आता बग कसा बसतंय,” बाबा म्हणाले.

दादा आला. त्यानं बूट हातात घेतले, उलटेसुलटे केले. मी त्याच्याकडे बघत होते. त्यानं टाचेच्या भेगेवरून अंगठा फिरवला. म्हणाला, “चांगलं झालंय, बाबा.” आणि खोबरेल तेलाची बाटली घेऊन परसात गेला.

मी मागोमाग गेले. तो बुटाला तेल चोळत होता. तेल वरच्या वर ओघळत होतं.

“मी आत्ता मास्तरांकडे जाते,” मी म्हटलं. “सगळा सांगते. दुसरा जोड देतील, नायतर सामना पुढं ढकलतील.”

“नको.”

“का नको? तुझी नोकरी जाल, दादा!”

“मास्तर टीमला सांगल, टीम गावाला सांगल,” तो म्हणाला. “म्हाताऱ्यानी बुटाचा लोनचा घातला म्हनून कोपरी हसल. बाबा गेटवर येतो माझा डबा घेऊन, त्याला बगून पोरा हसतील. आनि बाबाला कललं, का माजी नोकरी त्याचे हातून गेली, तर तो जेवल का गो?”

“पन...”

“माजी शपत हाय तुना.”

मी चडफडत घरात आले. बाबा आईला सांगत होते की उद्या आपण सामन्याला जाणार.

रविवारी ते धुतलेलं धोतर नेसून, नवी टोपी घालून माझ्याबरोबर मैदानावर आले. बांधावर बसले आणि शेजारच्याला म्हणाले, “तो कडेचा, तो आमचा.” सामना टीमच्याच पोरांचा, दोन बाजू पाडून. दादा एका बाजूला, मुंबईचा नवा राइट-आउट दुसऱ्या बाजूला.

पहिल्या चेंडूवर दादा दरवेळी धावायचा तसाच धावला आणि मला वाटलं, जमलं. चेंडू पायाशी आला, दादा तो वळवायला गेला आणि चेंडू बुटावरून ठोकळ्यावरून उडावा तसा उडाला. लोक हसले. दुसऱ्यांदाही तेच झालं. तिसऱ्यांदा त्याला चेंडू लागलाच नाही. थोड्या वेळानं तो पाय फरफटवायला लागला. जवळून धावत गेला तेव्हा डाव्या टाचेच्या भेगेतून मोजा लाल झालेला मला दिसला. बाबांची नजर अधू होती. त्यांना लांबून माणसाचा आकार तेवढा दिसायचा, रक्त दिसत नव्हतं, आणि त्या दिवशी त्याबद्दल मी देवाचे आभार मानले.

नवा राइट-आउट चांगला खेळला. मला तो वाईट खेळायला हवा होता. मी त्याच्या चुका शोधत होते आणि मला एकही सापडली नाही. खांबासारख्या गोलकीपरला त्यानं दोनदा चकवलं. पुढे बाकीच्या दोघांबद्दलचं माझं सगळं भाकीत खरं निघालं. सेंटर-हाफ हंगाम संपायच्या आत बोटीनं विलायतेला गेला, गोलकीपरनं अर्ध्या हंगामात टीमचं नाक कापलं. आणि त्यातल्या एकाही गोष्टीचा मला आनंद झाला नाही, कारण ज्या एका माणसाबद्दल मास्तर चुकावेत असं मला वाटत होतं, त्याच्याबद्दल ते बरोबर होते.

मास्तरांनी दादाला मधेच बाहेर बोलावलं. खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलले. दादानं मान हलवली. तिथेच खाली बसून त्यानं बूट काढले आणि बोटांत धरून आमच्याकडे आला. टाचा त्यानं मातीनं पुसल्या होत्या.

खाडीच्या बाजूनं आम्ही तिघं घरी निघालो. बाबा मधे, आम्ही दोघं दोन बाजूंना. मिठागराचे बांध दिसायला लागले. मग बाबांनी विचारलं, “घेतला नाय?”

“नाय.”

“मंग कायम पन नाय करनार?”

“नाय, बाबा.”

बाबा थांबले. त्यांनी दादाच्या हातातून बूट घेतले, डोळ्यांजवळ नेऊन बघितले, अंगठ्यानं दाबले.

“बूट चावला का?” त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. माझ्या तोंडाला कोपरी घाबरायची. गोलकीपर, सेंटर-हाफ, मास्तर, गिरणीचा साहेब, कोणाला म्हणून मी सोडलं नव्हतं. दादानं बाबांच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“नाय, बाबा,” तो म्हणाला. “बूट फस्क्लास व्हता. मीच कमी परलू.”

बाबांनी मान डोलावली. आता मुकादम गेटवरून परत पाठवणार आणि पोरगा पुन्हा मिठात येणार, याचं दुःख त्यांच्या तोंडावर सरळ दिसत होतं. पण त्या दुःखातही त्यांना थोडं बरं वाटलं, हेही मला दिसलं. त्यांनी बूट छातीशी धरले आणि दादाला समजावत म्हणाले, “वाईट नको मानू. पुढचे साली मी आनखी मुरवून देन.”